गेमिंगसाठी प्रोसेसर कुठला घ्यायचा? वाचकांचे प्रश्न आणि उत्तरं

मागच्या अंकात ग्राफिक्स कार्डांवर लिहिलं आणि त्यानंतर पत्रं आली ती बहुतेक प्रोसेसरची. त्यातले काही प्रश्न निवडून घेतलेत, ज्यांचे प्रश्न सारखेच होते त्यांनी आपापलं उत्तर यात शोधावं.

प्रश्न: माझ्याकडे रायझन ५ ३६०० आहे, सोबत आरटीएक्स ३०६० टीआय, १६ जीबी रॅम आणि १०८०पी १४४ हर्ट्झचा मॉनिटर. काउंटर स्ट्राइक २ खेळताना स्मोक पडला आणि चारपाच जण एकत्र भिडले की फ्रेम्स (सेकंदाला दिसणारी चित्रं) एकदम ९०-१०० वर येतात. मित्र म्हणतात कार्ड बदल. टास्क मॅनेजरमध्ये प्रोसेसर तर जेमतेम ४५ टक्के दिसतो, म्हणजे त्याचा दोष नाही ना? नक्की काय बदलू?

कार्ड आत्ता अजिबात बदलू नका. आणि त्या ४५ टक्क्यांवर तर बिलकुल जाऊ नका, कारण तो आकडा सगळ्या थ्रेड्सची (प्रोसेसर एका वेळी चालवतो त्या कामाच्या रांगांची) सरासरी असतो. तुमच्या प्रोसेसरला ६ कोअर (स्वतंत्रपणे काम करणारे भाग) आणि १२ थ्रेड आहेत, गेमचं मुख्य काम मात्र एकदोन थ्रेडवरच चालतं, तो एक थ्रेड घाम गाळत असतो आणि बाकीचे निवांत बसलेले असतात, सरासरी काढली की ४५ टक्के. म्हणजे प्रोसेसर अर्धा रिकामा दिसत असतानाही गेम त्याच्यामुळेच अडलेला असू शकतो.

प्रत्येक फ्रेम दोन टप्प्यांत तयार होते. आधी प्रोसेसर ठरवतो की कोण कुठे आहे, गोळी कुठे लागली, पुढे काय दिसणार, आणि मग ती यादी ग्राफिक्स कार्डाकडे जाते आणि कार्ड चित्र काढतं. १४४ हर्ट्झचा मॉनिटर पूर्ण वापरायचा असेल तर या दोघांनाही प्रत्येक फ्रेममागे साधारण ६.९ मिलिसेकंद मिळतात, ६० फ्रेम्स पुरत असतील तर १६.७. १०८०पी ला चित्र छोटं, त्यामुळे कार्ड आपलं काम पटकन उरकतं आणि प्रोसेसरची वाट बघत बसतं. मारामारी सुरू झाली की प्रोसेसरचं काम वाढतं, म्हणून फ्रेम्स नेमक्या तेव्हाच पडतात जेव्हा त्या सगळ्यात जास्त हव्या असतात.

पण माझ्या सांगण्यावरून खरेदी करू नका, आधी स्वतः तपासा. एमएसआय आफ्टरबर्नर हे सॉफ्टवेअर टाका, गेम चालू असताना कार्डाचा वापर स्क्रीनच्या कोपऱ्यात दिसेल असं सेट करा आणि गेममधली फ्रेम लिमिट आणि व्हीसिंक (फ्रेम्स मॉनिटरच्या वेगाला बांधणारी सेटिंग) बंद करा. कार्ड ९५ टक्क्यांच्या वर असेल तर अडथळा कार्डाचा, ६०-७० वर रेंगाळत असेल तर प्रोसेसरचा किंवा रॅमचा. खात्री हवी असेल तर रिझोल्यूशन १०८०पी वरून ७२०पी वर आणा आणि तोच मॅप परत खेळा, फ्रेम्स जवळपास तेवढ्याच राहिल्या तर कार्ड सुटलं, ते निर्दोष आहे.

त्यानंतर एक पैसाही खर्च न करता रॅम बघा. १६ जीबी म्हणजे ८ च्या दोन स्टिक आहेत का १६ ची एकच? एकच असेल तर रॅम सिंगल चॅनेलवर, म्हणजे एकाच वाटेने चालतेय आणि रायझनला ते फार जाणवतं. आणि बायोसमध्ये (बोर्डाच्या मूळ सेटिंगमध्ये) एक्सएमपी, म्हणजे रॅम तिच्या पूर्ण वेगाने चालवणारी सेटिंग, चालू आहे का तेही बघा. ३२०० ची रॅम घेऊन ती वर्षानुवर्षं २१३३ किंवा २४०० वर चालवणारे लोक इतके आहेत की मी हा प्रश्न प्रत्येकाला आधी विचारतो.

एवढं करूनही प्रोसेसरच कमी पडत असेल तर बोर्ड बदलायची गरज नाही, एएम४ सॉकेटमध्येच (प्रोसेसर बसतो त्या खाचेत) पुढे जायला जागा आहे. रायझन ५ ५६०० ला कोअर तेवढेच ६, पण आतली मांडणी वेगळी. तुमच्या ३६०० मध्ये ३२ एमबी एल३ कॅश (प्रोसेसरच्या आतली झटपट मेमरी) १६-१६ अशी दोन भागांत वाटलेली आहे, तीन कोअरना एक भाग आणि तीन कोअरना दुसरा, ५६०० मध्ये सगळे ३२ एमबी सगळ्या कोअरना एकत्र मिळतात आणि गेमिंगमध्ये हा फरक चांगलाच दिसतो. बजेट ताणता येत असेल आणि मिळत असेल तर ५७००एक्स३डी बघा, त्यात ८ कोअर आणि ९६ एमबी एल३, फक्त त्याच्या बॉक्समध्ये कूलर येत नाही हे धरून चाला.

बदलताना तीन गोष्टी सांभाळा. बायोस आधी अपडेट करा, म्हणजे जुना प्रोसेसर बसलेला असतानाच, नाहीतर नवा बसवल्यावर स्क्रीन काळीच राहील. विंडोजची ड्राइव्ह बिटलॉकरने लॉक असेल तर रिकव्हरी की लिहून ठेवा, कारण टीपीएम (सुरक्षेच्या चाव्या सांभाळणारा भाग) प्रोसेसरच्या आत असतो आणि प्रोसेसर बदलला की विंडोज ती की मागतं. आणि कूलर सरळ वर ओढू नका. एएम४ च्या प्रोसेसरला पिना खाली असतात, जुनी थर्मल पेस्ट चिकटून बसलेली असते आणि कूलरबरोबर प्रोसेसरही सॉकेटमधून उपटून येतो, पिना वाकतात. आधी दहापंधरा मिनिटं गेम खेळून पेस्ट गरम होऊ द्या, मग पीसी बंद करून प्लग काढा आणि कूलर डावीउजवीकडे हळूहळू फिरवत सोडवा.

प्रश्न: कोअर जास्त बघायचे की गिगाहर्ट्झ जास्त? दुकानात प्रत्येक जण वेगळं सांगतो.

यातला कुठलाही एकच आकडा बघून ठरवलंत तर फसाल. २०११ मध्ये एएमडीचा एफएक्स ८१५० आला तेव्हा जाहिरात होती ८ कोअरची, आणि त्याच मालिकेतल्या चिपने द्रवरूप हेलियमने थंड करून ८.४२९ गिगाहर्ट्झचा जागतिक विक्रमही केला होता. कोअर जास्त, गिगाहर्ट्झ जास्त, सगळंच जास्त. आणि गेममध्ये? इंटेलचा ४ कोअरवाला आय५ २५००के त्याच्या पुढे राहिला, कारण एका ठोक्यात एक कोअर किती काम उरकतो तिथे एफएक्स मागे होता.

आत्ताच्या काळातलं उदाहरण याहून बोलकं आहे. रायझन ७ ७७००एक्स आणि ७८००एक्स३डी, दोन्ही ८ कोअर, दोन्ही झेन ४ (झेन हे एएमडीच्या आतल्या डिझाइनचं नाव). पहिला ५.४ गिगाहर्ट्झपर्यंत जातो, दुसरा ५.० पर्यंतच. तरीही बहुतेक गेममध्ये दुसरा पुढे, काही गेममध्ये तर बराच पुढे, कारण पहिल्याला एल३ कॅश ३२ एमबी आणि दुसऱ्याला ९६. कॅश म्हणजे सुताराच्या हाताशी मांडून ठेवलेली हत्यारं, रॅम म्हणजे अंगणापलीकडची खोली, हात कितीही चपळ असला तरी दर दोन मिनिटांनी त्या खोलीत जावं लागलं तर काम खोळंबणारच. गेममध्ये हजारो वस्तूंची माहिती परत परत लागते आणि ती कुठल्या क्रमाने लागेल याचा नेम नसतो, म्हणून मोठी कॅश इथे इतकी कामाला येते. व्हिडिओ रेंडर करताना तीच कॅश फारशी मदत करत नाही, तिथे कोअर आणि गिगाहर्ट्झच चालतात.

म्हणून फॅक्टोरिओ, स्टेलारिस, फ्लाइट सिम्युलेटर असले गेम खेळणाऱ्यांना मी बिनधास्त सांगतो, जमत असेल तर एक्स३डी, म्हणजे जास्त कॅशवाला घ्या. तिथे शेवटी शेवटी हजारो गोष्टी एकाच वेळी चालू असतात आणि सगळा भार प्रोसेसरवर येतो, कार्ड कितीही भारी असो.

कोअर किती हवेत याचा अंदाज कन्सोलवरून घेता येतो. पीएस५ आणि एक्सबॉक्स सिरीज एक्स दोन्ही २०२० चे, दोन्हीत झेन २ चे ८ कोअर, आणि मोठे गेम याच मशीनना धरून बनतात. म्हणून आजचे चांगले ६ कोअर पुरतात, ८ असले तर निवांत, आणि फक्त गेमिंगसाठी १२-१६ कोअर घेण्यात मला तरी अर्थ दिसत नाही. उलट ७९५०एक्स३डी सारख्या चिपमध्ये जास्तीची कॅश १६ पैकी ८ कोअरनाच आहे, गेम त्याच ८ कोअरवर राहावा यासाठी विंडोजच्या गेम बार आणि ड्रायव्हरवर अवलंबून राहावं लागतं. हे झंझट फक्त गेम खेळणाऱ्याने कशाला मागे लावून घ्यायचं? एडिटिंग, कोडिंग असं दुसरं कामही असेल तर गोष्ट वेगळी.

प्रश्न: मी ४के वर खेळतो, बहुतेक स्टोरीवाले गेम, ६०-७० फ्रेम्स मिळाल्या की खूश. रायझन ५ ७६०० आहे. ९८००एक्स३डी वर जाऊ का?

नको. ४के म्हणजे साधारण ८३ लाख पिक्सेल, १०८०पी च्या चौपट, तिथे कार्डच दमलेलं असतं आणि प्रोसेसर त्याची वाट बघतो. ९८००एक्स३डी चे जे मोठमोठे आलेख तुम्ही बघता ते बहुतेक १०८०पी वर आणि सगळ्यात महागडं कार्ड लावून काढलेले असतात, आणि ते बरोबरच आहे कारण परीक्षा प्रोसेसरची आहे, पण ते आलेख तुमच्या टेबलावरचं चित्र नाहीत.

फक्त एक गोष्ट लक्षात ठेवा. डीएलएसएस (एनव्हिडियाचं चित्र मोठं करणारं तंत्र) परफॉर्मन्स मोडवर टाकलं तर ४के मध्ये आतून गेम १०८०पी वरच काढला जातो आणि मग मोठा केला जातो, म्हणजे कार्ड मोकळं होतं आणि भार परत प्रोसेसरकडे सरकतो. रे ट्रेसिंग (प्रकाश आणि सावल्यांचा नीट हिशेब) चालू केलं की प्रोसेसरचं कामही वाढतं. तेव्हा तुम्ही नेहमी ज्या सेटिंगवर खेळता त्याच सेटिंगवर कार्डाचा वापर बघा, ९५ च्या वर असेल तर पैसे पुढच्या कार्डासाठी बाजूला ठेवा. फ्रेम जनरेशनमुळे, म्हणजे मधल्या फ्रेम्स कार्डाने स्वतःच बनवल्यामुळे, आकडा वाढतो खरा आणि चित्रही गुळगुळीत दिसतं, पण प्रोसेसर खऱ्या फ्रेम्स तेवढ्याच देत असतो, हाताला माउसचा प्रतिसाद त्याच वेगाने जाणवतो.

प्रश्न: मुलाला कॉलेजसाठी लॅपटॉप घ्यायचाय, त्याला गेमिंगही हवंय. विक्रेता म्हणतो आय७ केव्हाही आय५ पेक्षा चांगला, आणि नंबर जितका मोठा तितका प्रोसेसर नवा. मला यातलं काही कळत नाही, मी काय बघून घेऊ?

ताई, या दोन्ही गोष्टी चुकीच्या आहेत आणि लॅपटॉपमध्ये तर फारच, कारण लॅपटॉपचा प्रोसेसर बोर्डावर सोल्डर केलेला असतो, नंतर बदलता येत नाही. आत्ता चुकलं की पुढची चारपाच वर्षं तेच.

नावातलं शेवटचं अक्षर आधी बघा. आय७ १३५५यू मध्ये मोठे कोअर फक्त २ आणि छोटे ८, तो हलक्या, बॅटरी पुरवून वापरायच्या लॅपटॉपसाठी बनलाय. आय५ १३५००एच मध्ये मोठे कोअर ४ आणि छोटे ८, आणि त्याला वीजही बरीच जास्त दिली जाते. गेमसाठी हा आय५ त्या आय७ पेक्षा चांगला. यू असेल तर गेमिंगसाठी नको, एच किंवा एचएक्स असेल तर पुढे बोला.

मोठ्या नंबरचं पण तसंच. एएमडीच्या ७००० मालिकेतल्या लॅपटॉप चिपमध्ये तिसरा आकडा बघायचा असतो, तो आतलं डिझाइन सांगतो. रायझन ५ ७५२०यू वाचून वाटतं की नवीन आहे, पण तिसरा आकडा २ म्हणजे आत झेन २, जे डिझाइन २०१९ पासूनचं आहे. ७६४०एचएस मध्ये तिसरा आकडा ४, म्हणजे झेन ४. वरवर दोन्ही सात हजारवालेच.

आणि खरं सांगायचं तर गेमिंग लॅपटॉपमध्ये प्रोसेसरपेक्षा ग्राफिक्सवर जास्त अवलंबून असतं, तेव्हा प्रोसेसर एका पायरीने कमी घेऊन वाचलेले पैसे ग्राफिक्समध्ये घाला. तिथेही एकाच नावाचं कार्ड वेगवेगळ्या लॅपटॉपमध्ये वेगवेगळ्या वॅटवर चालतं, आरटीएक्स ४०६० लॅपटॉपमध्ये ३५ पासून ११५ वॅटपर्यंत काहीही असू शकतं आणि वेगात त्यामुळे मोठा फरक पडतो. विक्रेत्याला वॅट किती हे विचारा, त्याला सांगता आलं नाही तर कंपनीच्या साइटवर त्या मॉडेलच्या पानावर बघा. रॅम दोन स्टिकमध्ये आहे का तेही विचारा. मुलाला हे सगळं वाचायला द्या आणि दोघं मिळून ठरवा, तो कुठले गेम खेळतो हे त्यालाच माहीत असणार.

प्रश्न: आय७ १३७००के आहे, दीड वर्ष मस्त चालला. आता अनरियल इंजिनचे गेम सुरू होताना शेडर (चित्र रंगवणारे छोटे प्रोग्राम) कंपाइल करतानाच बंद पडतात, एरर येते की व्हिडिओ मेमरी संपली. कार्डाला १२ जीबी मेमरी आहे! कार्ड खराब झालं का?

बहुतेक कार्ड ठीक आहे. इंटेलच्या १३ व्या आणि १४ व्या पिढीतल्या डेस्कटॉप प्रोसेसरमध्ये एक दोष निघाला होता, चिप गरजेपेक्षा जास्त व्होल्टेज मागायची आणि त्यामुळे हळूहळू आतून झिजायची, आणि तुम्ही सांगताय ती एरर हे त्याचं ओळखीचं लक्षण. शेडर कंपाइल करताना सगळे कोअर एकदम जुंपले जातात, म्हणून दुखणं तिथेच आधी बाहेर पडतं आणि नाव मात्र कार्डाचं येतं.

इंटेलने ऑगस्ट २०२४ मध्ये ०एक्स१२९ आणि सप्टेंबर २०२४ मध्ये ०एक्स१२बी नावाचा मायक्रोकोड (प्रोसेसरच्या आतला कोड) दिला, तो मदरबोर्डाच्या बायोस अपडेटमधून येतो. बायोस अपडेट करा, इंटेल डिफॉल्ट सेटिंग निवडा. पण नीट समजून घ्या, हा मायक्रोकोड पुढची झीज थांबवण्यासाठी आहे, झालेली झीज भरून निघत नाही. अपडेट करूनही गेम बंद पडत असतील तर वॉरंटीत बदलून मागा, अशा बॉक्समधल्या प्रोसेसरना इंटेलने दोन वर्षं वॉरंटी वाढवून दिलीये. पीसी जोडून विकत घेतला असेल तर आधी विक्रेत्याकडे जा. आणि बदलून आलेला प्रोसेसर लावायच्या आधी बायोस नवा आहे ना ते बघा, नाहीतर तेच परत सुरू होईल.

प्रश्न: सध्या ग्राफिक्स कार्ड परवडत नाही, वर्षभराने घेईन. तोपर्यंत व्हॅलोरंट, जुने गेम चालावेत. आय५ १२४००एफ घेऊ का रायझन ८६००जी?

एफ असलेल्या इंटेलमध्ये ग्राफिक्सच नसतं, कार्ड नसेल तर मॉनिटरवर काहीच दिसणार नाही, तेव्हा तो बाद. ८६००जी मध्ये रेडिऑन ७६०एम आहे, तुम्ही म्हणताय ते गेम १०८०पी वर छान चालतील, फक्त रॅम दोन स्टिकचीच आणि वेगवान डीडीआर५ घ्या कारण त्यातलं ग्राफिक्स याच रॅमवर जगतं. वर्षाने कार्ड लावलंत की मात्र त्याची एल३ कॅश फक्त १६ एमबी आहे हे जाणवेल, ७६०० ला ३२ आहे. तुमची वर्षभराची अट पक्की असेल तर ८६००जी घ्या, दोनतीन महिन्यांत कार्ड येणार असेल तर सरळ ७६०० घ्या, त्यातही जुजबी ग्राफिक्स असतं, विंडोज आणि अगदी हलके गेम निघतात. बोर्ड दोघांनाही एएम५ चाच लागतो आणि तो सॉकेट २०२७ आणि त्यानंतरही चालू ठेवू असं एएमडीने सांगितलंय, म्हणजे पुढे फक्त प्रोसेसर बदलून भागेल.

प्रश्न: वापरलेला आय७ ७७००के आणि बोर्ड असा जोड कमी पैशात मिळतोय. एके काळचा राजा होता. घेऊ का?

नका घेऊ. २०१७ मध्ये तो खरंच भारी होता, पण ४ कोअर ८ थ्रेड आजच्या मोठ्या गेमना अपुरे पडतात, सरासरी फ्रेम्स बऱ्या दिसतात आणि मध्येच झटके येतात. दुसरं म्हणजे विंडोज ११ च्या अधिकृत यादीत तो बसत नाही, इंटेलची डेस्कटॉप मालिका ८ व्या पिढीपासून आणि रायझन २००० पासून पुढे चालतात, आणि विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. व्हॅलोरंट तर विंडोज ११ वर टीपीएम २.० आणि सिक्युअर बूट चालू असल्याशिवाय सुरूच होत नाही.

वापरलेलंच घ्यायचं असेल तर रायझन ५ ५६०० किंवा आय५ १२४०० शोधा. रायझन एएम४ असेल तर प्रोसेसर आडवा धरून पिनांच्या रांगा बघा, एक जरी पिन रांगेबाहेर दिसली तर सोडून द्या. इंटेल किंवा एएम५ असेल तर पिना बोर्डाच्या सॉकेटमध्ये असतात, तिथे मोबाइलचा टॉर्च मारून बघा. आणि पैसे द्यायच्या आधी समोर पीसी चालू करून एखादा जड गेम अर्धा तास चालवायला लावा, तापमान आणि क्लॉक स्क्रीनवर ठेवून. विकणारा याला तयार नसेल तर दुसरा बघा.